श्वासाचा रकाना

त्या शेडमध्ये शंभरावर माग चालायचे आणि माणसं आवाजाशिवाय बोलायची. ओठ हलायचे, गाल ताणले जायचे, भुवया वर चढायच्या, पण शब्द कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. धोटा मागाच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला फेकला जातो तेव्हा ठणका उठतो. असे शंभर धोटे एकदम ठणकत असले की माणसाचा आवाज मुठीतल्या पाण्यासारखा निसटून जातो. म्हणून विणकर एकमेकांचं तोंड वाचत. नव्याने आलेल्याला पहिला महिना जड जायचा. दुसऱ्या महिन्यात तो तीस पावलांवरची शिवी ओळखायला लागला की तो शेडचा झाला असं धरायचे.

तोंड वाचण्यात आत्याचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. आत्या म्हणजे अकरा ते चौदा या चार मागांची विणकरीण. तिची पुतणी त्याच शेडमध्ये कापड तपासायची आणि तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी शेडच तिला आत्या म्हणू लागली. वयाने जवळपास तिच्याएवढाच असलेला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, तोही.

चौतीस वर्षं त्या ठणक्यात उभं राहून आत्याचे कान गेले होते. एका दिवसात गेले नाहीत. मोरीतला नळ ठिबकायचा थांबला म्हणून ती दुरुस्ती करणाऱ्याचे आभार मानायला गेली, तर तो म्हणाला, मी आलोच नव्हतो. घरी येऊन पाहिलं तर फरशी ओली. नळ ठिबकतच होता. तेव्हा तिला कळलं. तिने त्याचा फार बाऊ केला नाही. शेडमध्ये कानांचं काम नव्हतंच, आणि डोळे तिचे असे होते की चालत्या कापडातला एक तुटका धागा ती चार हातांवरून पकडायची.

मग शेडमध्ये रॅप आला.

तरुण विणकर फोनवर रॅपरांचे व्हिडिओ बघायचे आणि मागांच्या ठणक्यावर ते म्हणून बघायचे. ताल आयता होता. एक जण आठ नंबरच्या मागापाशी उभा राहायचा, दुसरा गल्लीच्या पलीकडे, आणि दोघं एकमेकांवर ओळी फेकायचे. ऐकणारं कोणी नाही, पाहणारे सगळे. पहिले काही दिवस आत्याला वाटलं, यांचं भांडण लागलंय. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्यातल्या एकाच्या समोर डबा घेऊन बसली आणि म्हणाली की तुझ्या तिसऱ्या ओळीत दोन अक्षरं तू गिळलीस, आणि पाचवीत यमक आलं ते उशिरा आलं, ताल पुढे निघून गेला होता. त्याने घास तसाच हातात धरला. कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्याला वाटलं होतं कोणाच्या लक्षात येणार नाहीत.

तिथून आत्या परीक्षक झाली.

जेवणाच्या खोलीत पाण्याच्या टाकीशेजारी एक फळी टांगलेली होती. कापडाचे गठ्ठे बांधताना वापरायची जुनी फळी, तिला काळा रंग फासलेला. त्यावर आत्याने खडूने दहा नावं लिहिली, जगातले सगळ्यात मोठे दहा रॅपर, आणि पुढे चार रकाने आखले. यमक, ताल, उच्चार, श्वास. प्रत्येकाला दहापैकी गुण. कोणाची गाणी किती गाजली, कोण कसा दिसतो, कोणाची गाडी केवढी, याला फळीवर जागा नव्हती.

नवा व्हिडिओ आला की ती तो तीनदा पाहायची. पहिल्यांदा ओठ, दुसऱ्यांदा जबडा, तिसऱ्यांदा गळा आणि खांदे. फोन तळहातावर उताणा ठेवून बोटं त्याच्या पाठीला टेकवायची, म्हणजे ताल बोटांत उतरायचा. बघताना ती मान किंचित तिरपी करायची, कापड उजेडासमोर धरून वीण तपासावी तशी.

यमकाबद्दल तिचं म्हणणं साधं होतं. शेवटचं अक्षर सारखं असलं म्हणजे यमक झालं असं ती मानत नसे. तोंड ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने परत आलं पाहिजे, असं ती म्हणायची. 'उभे' म्हणताना ओठ आधी पुढे येतात, मग कडेला फाकतात. 'सुटे' म्हणतानाही तसेच. भ वेगळा, ट वेगळा, पण तोंडाची चाल एक. हे खरं यमक. आणि एखादा रॅपर ओळीच्या शेवटीच नव्हे तर ओळीच्या पोटातही तोंड तीन-चारदा त्याच वाटेने नेत असेल तर ती मांडीवर हलकेच थाप मारायची. ती थाप पाहिली की शेड समजायची, नऊ तरी पडणार.

श्वासाबद्दल मात्र ती कठोर होती. श्वास मोडला की वीण मोडली. बाणा, म्हणजे आडवा धागा, अर्ध्यावर तुटला तर कापडावर रेघ येते, मग वर कितीही चांगली नक्षी काढा. ज्याचे खांदे वर गेले, ज्याचा गळा ओळीच्या मध्ये फुगला, त्याचे गुण ती निर्दयपणे कापायची.

पहिल्या नंबरावर वर्षानुवर्षं एकच नाव होतं, जिना. त्याला जिना म्हणायचे कारण त्याचे शब्द पायऱ्यांसारखे एकावर एक चढत जायचे. त्याच्या सगळ्यात नावाजलेल्या गाण्यात चौसष्ट ओळी होत्या आणि त्या चौसष्ट ओळींत त्याचा गळा एकदाही फुगत नव्हता. आत्याने तो व्हिडिओ तीनदा नव्हे, तीस वेळा पाहिला होता. श्वासाला दहा. दुसऱ्या नंबरावर काडेपेटी, त्यालाही श्वासाला दहा. तिसरा बर्फवाला, नऊ. सहाव्या नंबरावर एक बाई होती, तिसरी आई या नावाने म्हणणारी. तिची यमकं आत्याला फार आवडायची, पण तिचं जे एकच चित्रण मिळालं होतं ते भर सभेतलं होतं, आणि त्यात तिचे खांदे सारखे वर जात. श्वासाला सहा. त्या सहाने तिला खाली ठेवलं होतं.

या फळीवरून भांडणं व्हायची. जॉबर बर्फवाल्याचा भक्त. त्याचं म्हणणं, असा आवाज पुन्हा होणे नाही, खोल विहिरीतून आल्यासारखा. आत्या म्हणायची, विहीर पाण्यासाठी बघतात, आवाजासाठी नाही. जॉबर दर शनिवारी हरायचा आणि दर शनिवारी नव्या तयारीने यायचा.

आणि पुतणीला त्या फळीवर जायचं होतं.

पुतणी अठराव्या वर्षी आत्याकडे राहायला आली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. पोरगी तोंडाची अशी की शेडने तिचं नाव टिटवी ठेवलं. तपासणीच्या टेबलावर कापड सरकत असायचं आणि तिचे ओठ सरकत असायचे. तिच्या ओळी तिच्या स्वतःच्या होत्या. त्यातल्या या दोन शेडमध्ये सगळ्यांना पाठ होत्या:

चार माग, चार नाग, फणा काढून उभे,
कान घ्या, मान घ्या, पाय माझे सुटे.

आत्याने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा थाप मारली होती. पण आठव्या ओळीला टिटवीचे खांदे वर गेले आणि आत्याने श्वासाला पाच दिले. एकूण बेरीज दहाव्या नंबराच्या खाली गेली. टिटवीने विचारलं, घरच्या माणसाला एक गुण तरी जास्त देशील की नाही? आत्या म्हणाली, घरच्या माणसाला जेवण जास्त देईन.

तेव्हापासून टिटवीने श्वासाचा ध्यास घेतला. पाण्याची बादली घेऊन जिना चढताना ओळी म्हणायची. शेडच्या फाटकापासून पुलाच्या पहिल्या खांबापर्यंत एका श्वासात चालत यायची, मग दुसऱ्या खांबापर्यंत, मग तिसऱ्या. खालचा सायकलवाला तिला येताना पाहून स्टूल पुढे सरकवायचा. एकदा शेडमध्ये नववी ओळ म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बारा नंबरच्या मागाशेजारी खाली बसली, ती बसलीच. जॉबरने माग बंद केला. आत्याने तिला साखरेचं पाणी पाजलं, कपाळ पुसलं, रंग परत येईपर्यंत हात धरून ठेवला. मग म्हणाली, "नववी होती ना? नऊला सहा गुण."

टिटवी हसली आणि पुन्हा पुलाच्या खांबांकडे वळली. समोर जिना होता. चौसष्ट ओळी. त्या माणसाला जमतं म्हणजे माणसाला जमतं, असं ती धरून चालली होती.

अशी नऊ वर्षं गेली.

मग आत्या निवृत्त झाली, आणि तिच्या लक्षात आलं की शेडबाहेरचं जग तोंड उघडून बोलत नाही. दुकानदार मान खाली घालून बोलायचा, बँकेतली मुलगी काचेमागून. माणसं ओठ न हलवता दिवस काढतात हे तिला आत्ता दिसलं. आठ दिवसांत ती एवढीशी झाली. टिटवीने तिला कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी बराच वेळ बटणं दाबली, आलेख काढला आणि सांगितलं की सगळं परत येणार नाही, पण यंत्र लावलं तर बारीक आवाज बरेचसे येतील.

हे शेडला कळलं आणि खळबळ उडाली. आत्याला ऐकू येणार. म्हणजे आत्या जिन्याला ऐकणार, काडेपेटीला ऐकणार. आजवर एकाही रॅपरचा आवाज न ऐकता केलेली ती फळी आता टिकणार की नाही? जॉबरने जाहीर करून टाकलं की बर्फवाल्याचे दिवस आले. आत्या वरवर म्हणाली, फळी आहे तशीच राहील. पण यंत्र घरात आल्यावर तिने दोन दिवस ते डबीतून काढलं नाही. टिटवीला ते दिसत होतं. ज्या बाईने आयुष्यात कोणापुढे मान वाकवली नाही ती एका इवल्याशा यंत्राला घाबरली होती. तिच्याकडे स्वतःचं घर नव्हतं, मुलंबाळं नव्हती, मानपत्र नव्हतं. फळी होती.

तिसऱ्या दिवशी तिने यंत्र कानात घातलं. पहिल्यांदा कागदाची पिशवी ऐकली आणि दचकून मागे पाहिलं. मग चमचा. मग स्वतःच्याच चपला. मग टिटवी म्हणाली, चहा ठेवू का, आणि आत्या तिच्याकडे पाहतच राहिली. पोरीच्या लहानपणी ऐकलेला तो पातळ आवाज ती इतकी वर्षं मनात धरून होती.

"एवढा भरड आवाज आहे तुझा?" ती म्हणाली. "कोणी सांगितलं नाही ते."

टिटवीला हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही. मग तिने मुद्दाम तासभर बडबड केली आणि आत्याने ती सगळी ऐकून घेतली.

जॉबरने शनिवार ठरवला. शनिवारी दुपारी माग साफसफाईसाठी बंद असायचे. जेवणाच्या खोलीत मोठा स्पीकर आणायचा, पहिले दहा ओळीने लावायचे, आत्याने सगळ्यांदेखत ऐकायचं आणि गुण बदलायचे असतील तर बदलायचे. आत्या हो म्हणाली. पण शुक्रवारी दुपारी, टिटवी कामावर असताना, ती खिडकीपाशी बसली आणि फोनवर एकटीनेच जिना लावला. परीक्षेआधी पेपर बघून घ्यावा तसं तिला वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

आवाज बारीक निघाला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आत्या हसली. आवाजाला रकानाच नव्हता, म्हणजे त्याचं काही बिघडत नव्हतं. यमकं तिथल्या तिथे होती. डोळ्यांनी जिथे पाहिली होती तिथेच कानांना सापडली, एकेक घट्ट. तिला इतका आनंद झाला की तिने मांडीवर थाप मारली आणि ती थापही तिला ऐकू आली.

मग चौथ्या ओळीपाशी तिला एक बारीक आवाज आला. हस्स. कोणीतरी श्वास घेतला.

तिने मागे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. फोन मागे नेऊन तेवढंच पुन्हा लावलं. हस्स. श्वास जिन्याचाच होता. पण त्या वेळी पडद्यावर जिन्याचं तोंड गोल होतं, तो 'ओ' म्हणत होता, त्याचा गळा आणि खांदे स्तब्ध होते. 'ओ' म्हणताना माणूस श्वास आत घेऊ शकत नाही. तिने यंत्र काढून पुसलं, त्यातला सेल बदलला, पुन्हा घातलं. पुन्हा हस्स, पुन्हा तोंड गोल. चौसष्ट ओळी ती बोटावर मोजत ऐकत गेली. पंधरा श्वास होते. पडद्यावर एकही नव्हता.

तिने काडेपेटी लावला. तेच. बर्फवाला. तेच. तिसरी आई लावली, तिथे मात्र जिथे खांदे वर गेले तिथेच श्वास ऐकू आला, एकही इकडचा तिकडे नाही.

टिटवी घरी आली तेव्हा आत्या तशीच बसलेली होती. तिने एवढंच विचारलं की पडद्यावरचं तोंड आणि हा आवाज एका वेळचे नाहीत का. टिटवी चप्पल काढता काढता सहज म्हणाली की नसतातच. आधी गाणं नुसतं आवाजात पक्कं करतात, पुन्हा पुन्हा म्हणून, तुकडे जोडून, एका तुकड्याची शेपटी पुढच्याच्या श्वासावर चढवून. मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्याच्यावर ओठ हलवतात. सभेत म्हणतात तेवढंच तोंडचं असतं.

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना," टिटवी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं.

शेडमध्ये हललेलं तोंड कधी खोटं नसतं. तिथे ओठ हलले म्हणजे बोललंच. चौतीस वर्षं आत्याने ज्या ज्या तोंडाकडे पाहिलं ते त्या क्षणी बोलत होतं. कोणी नुसते ओठ हलवेल, आणि तेही रॅपर, ही गोष्ट तिच्या मनाला शिवण्यासारखीच नव्हती. आणि ऐकू येणाऱ्यांना ती इतकी सहज माहीत होती की सांगावी असं कोणालाच वाटलं नाही.

टिटवी तिच्यासमोर फरशीवर बसली. ती म्हणाली की जिन्याचे श्वास तिने स्वतः ऐकले होते, अगदी पहिल्या वर्षी. गाण्यात स्पष्ट येत होते.

"मग बोलली का नाहीस?"

"तू दहा दिले होतेस. तुझ्या डोळ्यांपुढे मी माझे कान खोटे धरले, आत्या."

 आत्या बारा नंबरच्या मागाशेजारचा तो दिवस आठवत होती, साखरेचं पाणी आणि आपलं ते वाक्य. जे कोणत्याही माणसाने कधी केलं नव्हतं ते करायला तिने या पोरीला नऊ वर्षं पुलावरून पळवलं होतं.

टिटवीने तिला वाचवायचा प्रयत्न केला. उद्या ऐक आणि म्हण की सगळं बरोबर आहे, ती म्हणाली. श्वास कोण मोजतंय, तुझ्याशिवाय कोणी मोजलेच नाहीत कधी. जॉबरला बर्फवाल्याच्या आवाजापलीकडे काही कळत नाही. फळी राहील, तुझा मान राहील. आत्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे टिटवीला कळलं नाही, आणि नंतर तोंड वाचायचं म्हटलं तर आत्याने ते घट्ट मिटून घेतलं होतं.

शनिवारी दुपारी जेवणाची खोली भरली. स्पीकर टेबलावर, जॉबर स्पीकरपाशी, जणू त्याच्याच घरचं कार्य होतं. आत्या आली. कानात यंत्र, हातात ओलं फडकं. ती थेट फळीपाशी गेली आणि तिने श्वासाचा रकाना वरून खालपर्यंत पुसून काढला. दहाच्या दहा. खोलीत असा शुकशुकाट झाला की तिला टाकीतलं पाणी ऐकू आलं.

मग ती वळली आणि शेडमध्ये बोलायची तसं तोंड पूर्ण उघडून बोलली, म्हणजे मागच्यालाही दिसावं.

"व्हिडिओत ते नुसते ओठ हलवतात हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मी खोट्या तोंडाचे श्वास मोजले. बाकीचे तीन रकाने खरे आहेत. हा माझा चुकला."

एवढंच. तिने सबब सांगितली नाही, कानांचं नावही घेतलं नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्यांनाही आपापलं आठवत होतं. दर शनिवारी या रकान्यावरून त्यांनी घसे फोडले होते, आणि आत्याला गळ्यात काहीतरी असं दिसतं जे आपल्याला दिसत नाही, असं मानून गप्प बसले होते. एका विणकराने हळूच कबूल केलं की आपल्यालाही शंका होती. दुसऱ्याने त्याला विचारलं, मग नऊ वर्षं कुठे ठेवली होतीस ती शंका, डब्यात?

जॉबर खाकरला. इतक्या वर्षांत आत्या हरण्याची त्याने वाट पाहिली होती, आणि आता ती समोर उभी असताना त्याला तिला हरवायचं नव्हतं. त्याने स्पीकरचं बटण बंद केलं आणि विचारलं की मग आता काय करायचं.

आत्या म्हणाली, सभेतली चित्रणं आणा. जिथे माणूस लोकांसमोर उभा राहून म्हणतो आणि त्याचा गळा दिसतो, तेवढीच. पुढच्या शनिवारी नवे गुण.

आठवडाभर सगळी शेड चित्रणं शोधत होती. लोकांनी गर्दीतून हात उंच करून काढलेली, हलणारी, पण गळा दिसणारी. पुढच्या शनिवारी आत्याने ती पाहिली आणि ऐकली, दोन्ही. सभेत जिना दर चार ओळींनी थांबत होता आणि त्याच्याशेजारी उभा असलेला दुसरा माणूस मधली ओळ भरून काढत होता. श्वासाला तीन. काडेपेटीला पाच. बर्फवाल्यालाही पाच, आणि जॉबरने ते पाणी पिऊन गिळलं. तिसऱ्या आईचे सहा होते तसेच राहिले. खोलीतलं कोणी विसरलं नाही की फळीवर आजवरचा एकुलता एक खरा आकडा तोच होता.

मग आत्या म्हणाली, "टिटवे, उभी राहा."

टिटवी बाकावर चढली. जॉबरने लोखंडी पान्याने टेबलाच्या कडेवर ताल धरला, मागाच्या ठणक्याचाच. टिटवीने दीर्घ श्वास घेतला आणि आत्याकडे पाहिलं, आत्याने तोंड पाहावं म्हणून, रोजच्यासारखं.

आत्याने डोळे मिटून घेतले.

तिला बघता बघता डोळे मिटताना शेडने कधी पाहिलं नव्हतं. चालत्या मागासमोर ती पापणीही जपून हलवायची. टिटवी क्षणभर अडखळली, मग सुटली. चार माग, चार नाग. तो भरड आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी फक्त ऐकण्यासाठी ऐकत होतं. चार ओळी झाल्या, आठ झाल्या, आत्याच्या मांडीवरचं बोट मोजत होतं. आठव्याला खांदे गेले नाहीत. नववी, दहावी. जॉबरचा पाना थोडा घाई करू लागला, टिटवीने त्याला मागे धरून ठेवलं. अकरावी, बारावी, तेरावी. आणि मग हस्स, स्वच्छ, मोकळा, जिथे ओळ संपली होती बरोबर तिथे.

एका श्वासात तेरा ओळी. फळीवरच्या कोणाच्याही ओळी सातच्या पुढे गेल्या नव्हत्या. कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की चौसष्ट म्हणायच्या असतात.

आत्याने डोळे उघडले, खडू घेतला आणि रकान्यात दहा लिहिले. खोलीत टाळ्या सुरू झाल्या. पण ती थांबली नव्हती. तिने ताल आठ लिहिला, उच्चार सात, आणि यमक सहा. बेरीज एकतीस. वर काडेपेटी आणि तिसरी आई तेहेतीसवर बरोबरीत, खाली जिना बत्तीस, मग टिटवी. चौथी.

लगेच कल्ला झाला. चौथी कशी, जिना तिच्या वर कसा, आपल्या शेडची पोरगी. जॉबर तर म्हणाला की बर्फवाला पाचवा गेला याचं दुःख नाही, पण टिटवी पहिली नसेल तर तो फळीच उतरवून नेईल. आत्या शांतपणे हात पुसत राहिली. टिटवी बाकावरून उतरली, फळीपाशी गेली, आपल्या नावाकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारच्या आकड्याकडे.

"यमकाला सहा?"

"'सुटे' तीनदा आलं. पहिल्यांदा यमक, दुसऱ्यांदा सवय, तिसऱ्यांदा आळस."

 टिटवीने हनुवटी हलवली, मान्य असल्यासारखी. खोलीतला दंगा बराच वेळ चालू राहिला आणि त्यात फक्त या दोघी समाधानी होत्या.

संध्याकाळी दोघी पुलावरून घरी निघाल्या. टिटवी दोन पावलं पुढे, ओठांतल्या ओठांत. उभे, कुठे. उभे, धुके. नाही. उभे, तुझे. प्रत्येक खांबापाशी एक शब्द उचलून बघायची आणि खाली ठेवायची. मागून आत्याला सगळं ऐकू येत होतं, कुजबुजसुद्धा. आणि चौथ्या खांबापाशी तिला तो शब्द सापडला, अगदी बसणारा, तोंडाच्या त्याच वाटेने परत येणारा. तो जिभेवर आला.

तिने तो गिळला. फळीवर नाव चढलं होतं. आता ही पोरगी जिन्याच्या रांगेतली होती, आणि जिन्याला कोणी शब्द पुरवत नव्हतं.

ती थांबली, कानातून यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबी खिशात. पूल निःशब्द झाला. पुढे टिटवीचा पाठमोरा जबडा हलत होता. शब्द कोणता, ते पाठीमागून दिसत नव्हतं. आत्याने पावलं जरा सावकाश टाकली, म्हणजे तोंड दिसू नये. शनिवारी दिसणारच होतं.